बंब सांदवाडीत होता, मग गॅस गिझर न्हाणीत कसा आला? दुरुस्ती आणि जागा बदलण्याआधी हे वाचा

दिवाळी सरली, पहाटे गारठा जाणवायला लागला की वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या घरांमध्ये आठ महिने बंद पडून असलेल्या गॅस गिझरची आठवण होते. नळ सोडला जातो, टक-टक-टक असा आवाज येतो, पण आच पकडत नाही. मग मेकॅनिकला फोन जातो. त्याला विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: दुरुस्त होईल का, किती लागतील?

दुसरा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही: हा गिझर बाथरूममधून काढून बाहेर लावता येईल का? खरं तर तोच आधी विचारायला हवा. बंद बाथरूममधला गॅस गिझर बिघडलेला नसतानाही माणसाचा जीव घेऊ शकतो.

मार्च २०२३ मधली बातमी अनेकांना आठवत असेल. मुंबईच्या घाटकोपरमध्ये धुळवड खेळून आलेलं एक दाम्पत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. पोलिसांचा प्राथमिक संशय गॅस गिझरमधून तयार झालेल्या वायूवर होता. त्याच होळीला उत्तर प्रदेशात गाझियाबादजवळच्या मुरादनगरमध्येही एका जोडप्याचा असाच मृत्यू झाला. अशा घटनांमध्ये स्फोट होत नाही, आग लागत नाही, गॅसचा वासही येत नाही. म्हणूनच शेजारच्यांना काही कळत नाही आणि दार फोडेपर्यंत उशीर झालेला असतो.

बंबाची जागा कोणी ठरवली होती?

गिझर येण्याआधी आंघोळीचं पाणी तापायचं ते बंबात. (अग्निशमन दलाच्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो. एक आग विझवतो, दुसरा पोटात आग घेऊन बसतो.) तांब्याचं उभं पिंप, मधोमध आरपार नळा, खाली जाळी आणि राख पडायला जागा, बाजूला तोटी. नळ्यात जाळ, नळ्याभोवती पाणी. युरोप-अमेरिकेतल्या घरांच्या तळघरात तेलावर चालणारे बॉयलर असतात, त्यांचं मूळ तत्त्वही हेच: आग एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला, मधे धातूचा पातळ पडदा आणि धुराला वर जायला वाट.

वर्धा जिल्हा कापसाचा. त्यामुळे बंबात जायच्या त्या पऱ्हाट्या, तुराट्या, वाळक्या काड्या, गोवऱ्यांचे तुकडे. सरपण घराजवळचंच आणि जवळपास फुकट. बंब कुठे ठेवायचा यावर कोणी चर्चा करत नव्हतं. तो सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत असायचा, फार तर न्हाणीच्या बाहेरच्या ओट्यावर. धूर डोळ्यांत जायचा, खोकला यायचा, म्हणून आपोआपच आग बाहेर आणि माणूस आत अशी विभागणी झाली होती. तापलेलं पाणी बादलीने आत न्यायचं. कटकटीचं काम होतं, पण त्यामुळे विषारी वायू उघड्यावरच राहायचा.

बंबाची दुरुस्तीही सोपी होती. जाळी जळली की बदलायची, सांधा गळायला लागला की डाख लावून घ्यायचा. एकच नियम कडक होता: रिकामा बंब पेटवायचा नाही. आत पाणी असेपर्यंत धातूचं तापमान शंभर अंशांच्या आसपास राहतं. पाणी नसेल तर ते भराभर चढतं आणि कथील-शिशाचा डाख वितळून सांधा सुटतो. आजच्या गॅस गिझरमध्ये पाणी वाहत नसेल तर आचच पेटू न देणारा एक छोटा स्विच असतो, तो याच नियमाचं यांत्रिक रूप आहे.

धूर घराबाहेर काढण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा वर्ध्यातल्या मगनवाडीतून चालवत. ‘मगन चुला’ म्हणून ओळखली जाणारी बिनधुराची चूल याच परंपरेतली. एकाच आगीवर एकाहून जास्त भांडी तापवायची आणि धूर चिमणीतून बाहेर सोडायचा, अशी तिची रचना. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झालं. ज्या गावाने चुलीच्या धुराचा एवढा विचार केला, तिथेही आता आग थेट न्हाणीत, आतून कडी लावलेल्या दारामागे आली आहे.

गॅस स्वच्छ जळतो, मग अडचण कुठे?

अडचण हवेची आहे. हिशेब करून पाहू.

मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गॅस गिझर ते पाणी २५ अंशांनी तापवत असेल, तर तो तासाला साधारण १ किलो एलपीजी जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीचा मोठा बर्नर एवढ्याच वेळात याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास गॅस घेतो. म्हणजे छोटासा दिसणारा गिझर हा पाच शेगड्यांएवढी आग असते.

आता १ किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या आणि ८ फूट उंचीच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. गिझर वीस मिनिटं चालला तर त्याला ४ घनमीटर हवा हवी. दार बंद, झरोका वाफेमुळे किंवा थंडीमुळे बंद केलेला, खाली दाराच्या फटीला पायपुसणं. म्हणजे खोलीतल्या हवेचा बराचसा वाटा गिझरच संपवतो आणि त्याच खोलीत माणूसही श्वास घेत असतो.

साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो दोन-तीन टक्क्यांनी जरी घसरला, तरी ज्योत अर्धवट जळायला लागते. पूर्ण जळालेल्या गॅसपासून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. अर्धवट जळालेल्या गॅसपासून तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांत चुरचुरत नाही. सिलेंडर गळला की येणारा तो उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो आणि तो गॅसबरोबर जळून जातो. त्यामुळे ‘वास येत नाहीये, म्हणजे सगळं ठीक आहे’ हे गृहीतक इथे पूर्णपणे फसवं ठरतं.

शरीरात काय होतं?

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. पण त्याची कार्बन मोनॉक्साइडशी जवळीक ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी जास्त असते. हा वायू एकदा चिकटला की ती जागा अडून बसते. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, पायांतली ताकद जाते. गरम पाण्याने अंग सैल पडल्यासारखं वाटतंय असंच त्या क्षणी वाटू शकतं. धोका लक्षात येईपर्यंत उठून कडी काढण्याइतकी शक्ती राहत नाही. वाचलेल्या काहींना नंतर स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या तक्रारी राहतात. गिझर चालू असताना बाथरूममध्ये बेशुद्ध पडणं किंवा झटके येणं अशा रुग्णांसाठी भारतातल्या डॉक्टरांच्या लिखाणात ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असा शब्दच रूढ झाला आहे.

एक गोष्ट खास लक्षात ठेवण्यासारखी. कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. अशा प्रसंगी ते मशीन ९८ किंवा ९९ दाखवू शकतं. कारण साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. आकडा चांगला दिसला म्हणून माणसाला घरी झोपवून ठेवू नये. त्याला मोकळ्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा, १०८ ला फोन करायचा आणि दवाखान्यात ‘गॅस गिझर चालू होता’ हे सर्वात आधी सांगायचं. मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिल्यावर हा वायू रक्तातून कितीतरी लवकर निघतो. साध्या हवेत त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. दार फोडून आत जाणाऱ्यानेही श्वास रोखून, आधी खिडकी-दार उघडून मगच आत थांबावं.

बाहेर हलवायचा, तर नेमका कुठे?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे घराची बाहेरची भिंत, छज्जाखाली, जिथे पाऊस थेट लागत नाही आणि हवा खेळती आहे. जपानमध्ये असे तात्काळ पाणी तापवणारे गॅस हिटर सर्रास इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरच दिसतात. वर्ध्याकडच्या स्वतंत्र घरांत ही सोय बहुतेक वेळा असते. मागच्या बाजूला, जिथे कधीकाळी बंब होता किंवा आता कपडे धुण्याचा दगड आहे, तीच जागा.

पण ‘बाहेर’ या शब्दाने फसू नका. गिझर खिडकीच्या किंवा झरोक्याच्या अगदी खाली लावला तर त्याचा वायू त्याच खिडकीतून आत येतो. गरम वायू वर चढतो, हे ध्यानात ठेवून वरच्या मजल्याची खिडकीही पाहायची. फ्लॅटमध्ये पाइप जाण्यासाठी ठेवलेली अरुंद डक्ट असते, तिथे गिझर बसवणं म्हणजे आपला धूर वरच्या घराच्या बाथरूममध्ये पाठवणं. काचा किंवा पत्रे लावून पूर्ण बंद केलेली बाल्कनीही ‘बाहेर’ नाही, ती एक खोलीच आहे.

जागा बदलली की लोकांना पहिली शंका येते ती पाणी गार होण्याची. अर्धा इंची पाइपमध्ये मीटरला साधारण १३० मिलिलिटर पाणी मावतं. गिझर पाच मीटर दूर गेला तर सुरुवातीला जास्तीचं गार पाणी वाहील ते ६५० मिलिलिटर, म्हणजे सहा-सात सेकंद. एक तांब्यासुद्धा नाही. गरम पाण्याच्या पाइपवर फोमचं आवरण चढवलं की हिवाळ्यातही उष्णता फारशी वाया जात नाही. गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी पाइप मात्र वापरू नये, तो मऊ पडतो. सीपीव्हीसी किंवा धातूचाच हवा.

दुसरी शंका दाबाची आणि ती रास्त आहे. टाकी गच्चीवरच असेल तर पाण्याचा दाब कमीच मिळतो. टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरपेक्षा दर एक मीटर उंच असेल तेव्हा सुमारे ०.१ बार दाब मिळतो. आच पकडायला आपल्या गिझरला किमान किती दाब लागतो ते त्याच्यासोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. गिझर थोडा खालच्या उंचीवर लावला तर हा प्रश्न बऱ्याचदा आपोआप सुटतो. गाळणी आणि कॉक साफ केल्यावरही प्रवाह वाढतो. पंप बसवणं हा शेवटचा पर्याय.

गॅसच्या बाजूला जुगाड अजिबात नको. शेगडीच्या रबरी नळीला मधेच टी जोडून दुसरी नळी बाथरूमपर्यंत ओढलेली अनेक घरांत दिसते. ती उंदीर कुरतडतात, भिंतीतल्या भोकाच्या कडेवर ती घासते, उन्हाने कडक होते. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा नळीच हवी, ती लहान ठेवायची आणि पाच वर्षांनी बदलायची. अंतर जास्त असेल तर मधला भाग तांब्याच्या किंवा जीआयच्या पक्क्या पाइपने आणि दोन्ही टोकांना कॉक लावून करून घ्यावा. सिलेंडर उभाच ठेवायचा, मोकळ्या हवेत, पण खोलगट खड्ड्यात किंवा गटाराच्या तोंडाशी नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. हे काम गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घ्या. नळजोडणी करणाऱ्याला पाण्याचं काम येतं, म्हणून गॅसचंही येतं असं नाही. गळतीचा संशय आला तर १९०६ हा आपत्कालीन क्रमांक देशभर चालतो.

एक्झॉस्ट फॅन लावला तर चालेल का?

मेकॅनिक अनेकदा हाच सल्ला देतो, कारण तो स्वस्त आहे. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला वाट लागते. ती नसेल तर फॅन फिरतो आणि हवा बदलत नाही. त्यात वीज गेली की फॅन बंद आणि बॅटरीवर पेटणारा गिझर मात्र चालूच. ग्रामीण भागात हे रोजचं आहे. गिझरला धुराडं असेल, तर फॅनच्या ओढीने त्यातला वायू उलटा खोलीत येण्याचीही भीती असते. फॅन असणं वाईट नाही, पण तो जागा बदलण्याला पर्याय होत नाही.

तीच गोष्ट वीस मिनिटांच्या टायमरची. अनेक गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. वर केलेला हिशेब पाहिला तर लहान बाथरूमसाठी वीस मिनिटंही जास्तच आहेत आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने लगेच पुन्हा चालू केला तर टायमर शून्यापासून सुरू होतो, खोलीतली हवा मात्र आधीचीच असते.

दुरुस्तीत काय पाहायचं?

बाहेर लावलेला गिझरही दरवर्षी साफ व्हायला हवा. विदर्भात तो मोठ्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बंद असतो. तेवढ्या काळात बर्नरच्या बारीक छिद्रांत धूळ बसते, कोळी जाळी करतात, बॅटऱ्या गळून त्यांचं खार जोडणीवर चढतं. आच न पकडण्याचं कारण बरेचदा एवढंच असतं, म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी दोन नव्या बॅटऱ्या घालून पाहायला हरकत नाही. त्यानेही आच पकडली नाही, तर पाण्याच्या दाबाने हलणारा रबरी पडदा कडक झालेला किंवा फाटलेला असतो. तो सुटा मिळतो.

ज्योतीचा रंग हा सर्वात सोपा दाखला. निळी आणि स्थिर ज्योत म्हणजे गॅस-हवेचं मिश्रण ठीक. पिवळी, लांबट, हलणारी ज्योत आणि वरच्या बाजूला काजळी दिसली तर गिझर तिथेच बंद करायचा. बर्नरच्या वर तांब्याच्या पातळ पट्ट्यांचा भाग असतो, तिथे पाणी तापतं. त्या पट्ट्यांमधे काजळी भरली की वायूला वर जायला वाट राहत नाही, ज्योत आणखी गुदमरते आणि कार्बन मोनॉक्साइड आणखी वाढतो. ही काजळी ब्रशने काढता येते, फक्त गिझर उघडायची तयारी हवी. ‘वरून फुंकून दिलं’ म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे.

बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत आणखी एक त्रास. असं पाणी अनेकदा जड असतं. नळीच्या आत क्षाराचा थर चढतो, पाणी कमी यायला लागतं, गिझर खडखड वाजतो. सौम्य आम्लाने थर काढता येतो. मात्र तांब्याची नळी एकदा गळायला लागली असेल तर डाखावर डाख देत बसण्यापेक्षा तो भाग बदलणं बरं.

आणि एक दुरुस्ती कधीही करू देऊ नये: सेन्सर ‘बायपास’ करणं. गिझर सारखा बंद पडतोय म्हणून ज्योत विझल्यास गॅस तोडणारा किंवा अति तापल्यास थांबवणारा भाग काढून वायर जोडून दिली जाते. गिझर चालू होतो, ग्राहक खूश होतो. पण तो सारखा बंद पडत होता, कारण त्याला काहीतरी धोका दिसत होता.

इतर देशांत काय करतात?

उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे दोन-तृतीयांश घरं तेलावर चालणाऱ्या बॉयलरने गरम होतात. तिथे बॉयलर घराबाहेरच्या खोक्यात हलवणं हे नेहमीचं काम आहे आणि ते प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून करून घेतलं जातं. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात ज्या खोलीत असं कायम बसवलेलं इंधनाचं उपकरण आहे, तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं घरमालकाला बंधनकारक आहे (स्वयंपाकाची गॅस शेगडी वगळून). आपल्याकडे असे बॅटरीवरचे अलार्म ऑनलाइन मिळतात. पण बाथरूममध्येच गिझर ठेवून अलार्मवर विसंबणं म्हणजे उलटा कारभार झाला.

भाड्याने राहणाऱ्यांनी काय करायचं?

वर्धा, सेवाग्राम, सावंगी या पट्ट्यात शिकायला आलेले हजारो विद्यार्थी खोल्या घेऊन राहतात. खोली पाहताना वायफाय विचारलं जातं, गिझर कुठला आणि कुठे आहे हे नाही. आत गॅस गिझर असेल तर घरमालकाला जागा बदलायला सांगा. खर्च म्हणजे काही मीटर पाइप, थोडी फोडतोड आणि एका दिवसाची मजुरी. तो तयार नसेल तर विजेचा गिझर मागा. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते, २ किलोवॉटच्या गिझरला त्यासाठी पाव तास पुरतो. मात्र त्याला अर्थिंग नीट हवं आणि आधी ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवलेला हवा. गच्ची असलेल्या घरमालकासाठी सोलर हाही पर्याय आहे, वर्ध्यात उन्हाची कमतरता नाही.

हे सगळं होईपर्यंतच्या दिवसांत गिझर वापरायचाच असेल, तर पद्धत बंबाचीच ठेवा. दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, सिलेंडरचा कॉक फिरवा, बाथरूममधली हवा दोन-तीन मिनिटं मोकळी होऊ द्या आणि मगच आंघोळीला आत जा. गिझर चालू ठेवून शॉवर घेऊ नका. एकामागून एक चार जणांच्या आंघोळी असतील तर शेवटी लहान मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना पाठवू नका, कारण तोवर त्या खोलीतली हवा सर्वात वाईट झालेली असते. आणि दाराला आतून कडी न लावता बाहेर कोणाला तरी सांगून ठेवा की दहा मिनिटांत आवाज आला नाही तर दार ढकल.